खोकला, शिंक आणि मुकाट सोसणे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी ज्या त्रासाबद्दल बोलणार आहे, त्याला आपल्या घरात नाव नाही. गुडघे दुखतात, पित्त होते, साखर वाढते, हे आपण चारचौघांत सांगतो. पण खोकला आला, शिंक आली, खळखळून हसू आले किंवा पाण्याची कळशी उचलली आणि नकळत थोडी लघवी कपड्यात झाली, तर ते बाई नवऱ्याला सांगत नाही, सुनेला सांगत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरलाही सांगत नाही. वैद्यकशास्त्रात याला ‘स्ट्रेस युरिनरी इन्कॉन्टिनन्स’ असे लांबलचक नाव आहे. आपण आज नुसते ‘गळती’ म्हणू. घरात पुरुष मंडळी ऐकत असतील तर त्यांनी उठून जाऊ नये. हे भाषण त्यांच्यासाठीही आहे.

आधी नावातला घोटाळा दूर करते. ‘स्ट्रेस’ म्हटले की आपल्याला मनावरचा ताण आठवतो. कागदावर हा शब्द वाचून ‘मला काही टेन्शन नाही हो’ असे सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. इथे मनाचा संबंध नाही. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना पोटात दाब वाढतो आणि तो लघवीच्या पिशवीवर, म्हणजे मूत्राशयावर पडतो. तो दाब म्हणजे हा स्ट्रेस.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या बायका तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. मालवणहून आचऱ्यामार्गे देवगडकडे जाताना मिठबाव लागते. एका अंगाला समुद्र, उंचावर गजबादेवीचे देऊळ, मागे आंब्याच्या बागा. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव निवांत वाटते. पण इथल्या बाईचा दिवस पाहा. पावसात भाताची लावणी, म्हणजे दिवसभर कमरेत वाकून काम. उन्हाळ्यात आंब्याचा हंगाम, पेट्या भरायच्या आणि उचलायच्या. कुणी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठते, कुणी ओहोटी लागली की खाडीत उतरून तिसऱ्या काढते. घरी आल्यावर बावीचे पाणी ओढायचे, जळणाचा भारा आणायचा. यातले जवळजवळ प्रत्येक काम पोटावर दाब आणणारे आहे.

एकदा मिठबावात बचत गटाच्या बायकांशी बोलताना मी सरळ विचारले, ‘खोकताना कपडे भिजतात, अशा कोण कोण आहात?’ एकही हात वर झाला नाही. मग मी प्रश्न बदलला. ‘गौरी-गणपतीत पूर्वी फुगडी घालायच्या आणि आता घालत नाहीत, अशा कोण?’ हसू पिकले आणि मग बोलणी सुरू झाली. एक जण म्हणाली, ‘फुगडी घालूक गेलंय काय खालसून भिजता, मगे बसानच बघतंय.’ दुसरी म्हणाली, ‘दोन बाळतपणा झाली, आता ह्या असाच चलतला.’ तिसरी महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेला जायची थांबली होती, कारण त्या गर्दीत आडोसा कुठे शोधायचा? चौथी मुंबईला लेकीकडे जायला तयार नव्हती. रात्रभराच्या गाडीची भीती, आणि तिथे लेकीच्या गादीवर डाग पडला तर जावई काय म्हणेल याची त्याहून मोठी भीती. सगळ्यांत शेवटी एक वयस्क बाई हळूच म्हणाली की, पाळी जाऊन दहा वर्षे झाली, पण कपडा घ्यायचा काही सुटला नाही.

या त्रासाने कुणी दगावत नाही, म्हणून आपण त्याला क्षुल्लक समजतो. पण पाहा, त्या बाईची फुगडी गेली, जत्रा गेली, लेकीचे घर गेले. रोग शरीराच्या एका कोपऱ्यात असतो आणि आयुष्य सगळ्या बाजूंनी आखडत जाते.

त्यातच एक चुकीचा उपाय बायका आपल्या मनानेच सुरू करतात. त्या पाणी पिणे कमी करतात. बाहेर जायचे म्हणून सकाळपासून घोटभर चहावर राहतात. एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत असे केले तर लघवी गडद होते, जळजळते, जंतुसंसर्ग होतो, मुतखड्याचा धोका वाढतो. शिवाय अशी गडद लघवी मूत्राशयाला टोचते आणि वारंवार घाई लागते. म्हणजे गळती राहते ती राहतेच, वर दुसरे दुखणे पदरात पडते.

हे मौन फक्त आपल्या किनाऱ्यावरचे नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. ती पाहणी गळतीपुरती नव्हती. पण तिने जगाला दाखवून दिले की, बाई तक्रार करत नाही याचा अर्थ तिला त्रास नाही असा होत नाही. गळतीला हे तंतोतंत लागू पडते. जगभरातल्या पाहण्या सांगतात की, प्रौढ स्त्रियांपैकी साधारण तीन-चार जणींमागे एकीला कोणत्या ना कोणत्या प्रकारची गळती असते. तेव्हा ‘माझ्या एकटीलाच असे होते’ हा समज आजच सोडून द्या.

आता हे होते कसे ते पाहू. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिच्यात साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. तिच्या तळाशी मूत्रमार्गाची नळी असते. पुरुषात ती सुमारे वीस सेंटिमीटर लांब असते, स्त्रीमध्ये जेमतेम चार. त्यामुळे स्त्रीच्या बाबतीत नळी मिटून ठेवण्याचे काम थोड्याच जागेत व्हावे लागते. या सगळ्याच्या खाली, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पाळणा ताणून बांधलेला असतो. याला ओटीपोटाचा तळ म्हणू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्ही अवयवांचा भार हा पाळणा पेलतो.

अमेरिकेतले डॉ. जॉन डिलान्सी यांनी १९९४ साली या पाळण्याचे काम समजावताना बागेतल्या पाण्याच्या नळीचा दाखला दिला होता. तो आपल्या अंगणातही करून पाहता येईल. माडांना पाणी घालायची रबरी नळी चिऱ्याच्या फरशीवर ठेवा आणि तिच्यावर पाय द्या. नळी चेपते, पाणी थांबते. आता तीच नळी पुळणीतल्या भुसभुशीत वाळूवर ठेवा आणि तेवढ्याच जोराने पाय द्या. नळी वाळूत दबते, पण चेपत नाही. पाणी चालूच राहते. खोकला म्हणजे तो पाय. खालचा पाळणा चिऱ्यासारखा घट्ट असेल तर खोकल्याच्या दाबाने मूत्रमार्ग उलट मिटतो. पाळणा वाळूसारखा सैल झाला असेल तर लघवी निसटते. दोष नळीचा नसतो, खालच्या आधाराचा असतो. आणि आधार बळकट करता येतो, हीच आजची मुख्य गोष्ट आहे.

हा आधार सैल का होतो? पहिले मोठे कारण बाळंतपण. बाळ खाली येताना हे स्नायू आणि त्यांच्या नसा कमालीच्या ताणल्या जातात. बाळ मोठे असेल, फार वेळ कळा दिल्या असतील, चिमटा लावावा लागला असेल तर ताण आणखी वाढतो. त्यातून बहुतेक बायका सावरतात, पण त्यासाठी विश्रांती लागते. बाळंतिणीला सव्वा महिना जड काम न देण्याची आपली रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. अडचण अशी की, जिचे पोट हातावर आहे तिला ती रीत परवडत नाही. दुसरे कारण पाळी जाणे. संप्रेरके कमी झाली की तिथली त्वचा आणि ऊती पातळ होतात. तिसरे वाढलेले वजन. पोटाचा घेर हा चोवीस तास उचललेला हंडाच आहे.

आणखी दोन कारणे नेहमी नजरेआड होतात. एक जुना खोकला. चुलीच्या धुराचा खोकला, दम्याचा खोकला, तंबाखूच्या व्यसनाने लागलेला खोकला. दिवसातून शंभर वेळा खोकणारी बाई शंभर वेळा त्या पाळण्यावर आघात करत असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने, काही जणांना कोरडा खोकला येतो. गोळी सुरू झाल्यापासून खोकला आणि गळती दोन्ही वाढले असतील तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील. स्वतः होऊन मात्र गोळी बंद करू नका. दुसरे कारण बद्धकोष्ठ. रोज कुंथून कुंथून पोट साफ करावे लागत असेल तर तोही ताण खालीच जातो.

प्रत्येक गळती एकाच प्रकारची नसते, आणि उपाय प्रकारावर ठरतो. खोकला, शिंक, वजन, फुगडी यांबरोबर थोडी थोडी होते ती ताणाची गळती. दुसरा प्रकार घाईचा. अचानक इतकी जोराची लागते की मोरीपर्यंत पोहोचेपर्यंत धीर निघत नाही, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. यात मूत्राशय अवेळी आकुंचन पावते आणि त्यासाठी वेगळी सवय, वेगळी औषधे असतात. पुष्कळ जणींना दोन्ही प्रकार एकत्र असतात. तिसरा प्रकार मूत्राशय नीट रिकामे न झाल्यामुळे थेंब थेंब होत राहण्याचा. जुन्या मधुमेहात तो आढळतो. आणि बाळंतपण अडून राहिल्यानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस, झोपेतसुद्धा, सारखी गळती होत असेल तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडलेले असू शकते. त्याला फिस्टुला म्हणतात आणि तो तज्ज्ञाकडूनच दुरुस्त करून घ्यावा लागतो.

मग डॉक्टरकडे गेल्यावर काय होते? अनेक जणी तपासणीच्या भीतीने येत नाहीत, म्हणून तेही सांगते. प्रथम विचारपूस. मग लघवीची साधी तपासणी, कारण जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करायचा. रक्तातली साखर. मग लघवी भरलेली असताना खोकायला सांगतात आणि गळती होते का ते पाहतात. अंग खाली आले आहे का, हे तपासतात. बस्स. तपासणी दहा मिनिटांची, फारशी न दुखणारी. जाताना सोबत तीन दिवसांची नोंद न्या. किती वाजता किती पाणी किंवा चहा घेतला, किती वेळा लघवीला गेलात, कधी आणि काय करताना गळती झाली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून फुल्या मारून घ्या. मोठ्या शहरात दाब मोजण्याची यंत्राची तपासणी असते, पण साध्या प्रकारात सुरुवातीलाच तिची गरज नसते.

आता उपचार. पहिला उपचार फुकट आहे, घरी करायचा आहे आणि तो सगळ्यांत परिणामकारक उपायांपैकी एक आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली तो शास्त्रीय रीतीने मांडला, म्हणून त्याला केगलचा व्यायाम म्हणतात. योगासने करणाऱ्यांना मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा आठवेल. आवळण्याची क्रिया तिच्याशी मिळतीजुळती आहे. फरक एवढाच की, इथे श्वास रोखायचा नाही.

पहिली पायरी योग्य स्नायू ओळखण्याची. चारचौघांत बसला आहात आणि वारा सरू नये म्हणून तुम्ही मागची जागा आवळून धरता. त्याच वेळी लघवीही अडवून धरायची आहे असे समजा. मागून पुढे, आत आणि वर ओढल्यासारखे जे जाणवते, तोच हा स्नायू. हे करताना पोट घट्ट होता कामा नये, मांड्या जुळता कामा नयेत, कुल्ले उचलता कामा नयेत. शेजारी बसलेल्या माणसाला काहीच कळू नये. कळले तर तुम्ही चुकीचा स्नायू आवळता आहात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जोर खाली लावायचा नाही. शौचाला कुंथतो तसे केले तर फायद्याऐवजी तोटा होईल.

दुसरी पायरी सरावाची. आवळा, मनात पाच आकडे मोजा, सोडा, पुन्हा पाच आकडे पूर्ण सैल राहा. असे आठ ते दहा वेळा. सुरुवातीला पाचपर्यंत टिकत नसेल तर तीन मोजा. हळूहळू दहापर्यंत वाढवा. त्यानंतर आठ-दहा वेळा पटकन आवळा आणि पटकन सोडा. हे झाले एक आवर्तन. अशी दिवसातून तीन आवर्तने करायची. प्रथम निजून करा, ते सोपे जाते. मग बसून, मग उभ्याने. सकाळी दात घासताना, दुपारी एसटीच्या थांब्यावर आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, असे वेळेला बांधून घेतले की विसरत नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. त्याने मूत्राशय पुरते रिकामे होत नाही.

तिसरी पायरी युक्तीची. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, कळशी उचलण्याआधी, आंब्याची पेटी हातात घेण्याआधी तो स्नायू आवळा आणि मगच खोका, मगच उचला. आधी दार लावायचे, मग वारा येऊ द्यायचा. ही युक्ती जमली की काही जणींना थोड्याच दिवसांत फरक जाणवतो.

खरा फरक मात्र तीन महिन्यांनी दिसतो. आठ दिवस करून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. दंडाचे बळ आठ दिवसांत येत नाही, तसेच हे. २०१८ साली कोक्रेन या संस्थेने जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ताणाची गळती असलेल्या आणि हा व्यायाम केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ५६ टक्के जणींनी आपण बरे झालो असे सांगितले, आणि तो न केलेल्यांपैकी फक्त ६ टक्के जणींनी. कोणत्याही औषधाला हेवा वाटावा असे हे अंतर आहे. ज्यांना स्नायू सापडतच नाही त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावे. आणि ज्या आज गरोदर आहेत, ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांनी आतापासूनच सुरुवात केली तर पुढे गळतीचा धोका कमी होतो. आपल्या गावोगावच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातातच. बाळाच्या वजनाबरोबर आईच्या या व्यायामाचीही चौकशी झाली तर किती बरे होईल!

व्यायामाच्या जोडीला वजन. २००९ साली अमेरिकेत ३३८ स्थूल स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाने ज्यांचे वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्क्यांनी उतरले, त्यांच्या गळतीचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे सत्तर किलोच्या बाईने पाच-सहा किलो कमी केले तरी फळ मिळते. पाणी तहानेप्रमाणे प्या, दिवसभरात विभागून. चहा-कॉफी बेताची ठेवा. भाजी, ताक, कुळीथ, केळी यांनी पोट साफ राहू द्या. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावायचे संप्रेरकाचे मलम डॉक्टर देतात, त्याने कोरडेपणा आणि घाई कमी होते. ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

काही जणींना एवढ्याने भागत नाही. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची सिलिकॉनची कडी मिळते. तिला पेसरी म्हणतात. योग्य मापाची बसली तर शस्त्रक्रियेवाचून पुष्कळ आराम पडतो. अंग खाली येणे हे गळतीचे सख्खे भावंड आहे आणि त्याच्या शस्त्रक्रियांत आपल्या माणसांनी मोठे काम केले आहे. गोव्यातल्या शिरोडे गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता त्याला पट्ट्याने वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया शोधून काढल्या. त्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

गळतीच्या शस्त्रक्रियेतही पट्टा आहे, पण तो मूत्रमार्गाखाली असतो. स्वीडनचे डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी १९९० नंतरच्या दशकात ही पद्धत रूढ केली. जुन्या घरात दुधा-तुपाचे मडके शिंक्यात टांगलेले असायचे, तसा मूत्रमार्गाखाली अरुंद पट्टा बसवतात. शिंकेवर उपाय शिंके, असे मी गमतीने सांगते! दहातल्या सुमारे आठ जणींना त्याने चांगला गुण येतो. हा पट्टा कृत्रिम जाळीचा असतो किंवा रुग्णाच्याच शरीरातल्या पापुद्र्याचा. जाळीबद्दल एक गोष्ट ऐकून ठेवा. काही स्त्रियांना जाळीमुळे नंतर वेदना आणि इतर त्रास झाले, म्हणून ब्रिटनमध्ये २०१८ साली तिच्या वापरावर स्थगिती आली. अमेरिकेत २०१९ साली अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री थांबवण्यात आली, गळतीचा पट्टा मात्र तिथे वापरात राहिला. म्हणून शस्त्रक्रियेआधी तीन प्रश्न विचारा. पट्टा कशाचा आहे? तुम्ही या शस्त्रक्रिया नेहमी करता का? पुढे त्रास झाला तर काय करणार? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. आणि आणखी मुले हवी असतील तर शस्त्रक्रिया शक्यतो पुढे ढकला.

आता एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलते. ‘लघवीचा त्रास आहे ना, मग पिशवी काढून टाका,’ असा सल्ला अजूनही बायकांना मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशये ऐन तरुण वयात काढल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि शासनाला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशय काढणे हा गळतीवरचा उपचार नाही. उलट, २००७ साली स्वीडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांवर पुढे गळतीची शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होते. गर्भाशय काढण्याची खरी कारणे वेगळी असतात. ती असतील तर जरूर काढावे. पण केवळ गळतीसाठी कुणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

काही लक्षणे मात्र तीन महिने थांबण्याची नाहीत. लघवीत रक्त, ताप आणि जळजळ, लघवी तुंबणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव, पायांत बधिरपणा येऊन अचानक सुरू झालेली गळती, रात्रंदिवस अखंड गळती. यांतले काहीही असेल तर लगेच जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथून गरजेप्रमाणे तुम्हाला जिल्हा रुग्णालयात पाठवतील.

आणि आता पुरुष मंडळींसाठी दोन शब्द. आई हल्ली लग्नाला येत नाही, बायको गाडीत बसायला कुरकुरते, आजीच्या खोलीला वास येतो, असे जाणवले तर चिडू नका आणि चेष्टाही करू नका. विचारायला जमत नसेल तर बहिणीला, वहिनीला विचारायला सांगा. रात्रीच्या वाटेवर दिवा लावा, परसातल्या संडासाला आधाराचा दांडा बसवा, प्रवासात गाडी दर दोन तासांनी थांबवा. आंब्याची पेटी उचलायला हात लावा. ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांनी बाजारात, एसटी स्थानकावर, जत्रेच्या जागी बायकांसाठी पाणी असलेले, कडी असलेले, स्वच्छ संडास होतील हे पाहावे. हाही उपचारच आहे, फक्त तो डॉक्टरच्या हातात नाही.

बायांनो, वय झाले की केस पांढरे होतात, ते साहजिक आहे. कपडे भिजणे मात्र वयाने लावलेला कर नव्हे आणि दोन लेकरे जन्माला घातल्याची शिक्षाही नव्हे. तो एका सैल झालेल्या आधाराचा दोष आहे, आणि बऱ्याच जणींचा तो आधार पुन्हा घट्ट होतो. हे ऐकता ऐकताच एकदा आवळून, पाच मोजून सोडून पाहा. कुणाला कळणारसुद्धा नाही. तीन महिने नेमाने करा. आणि गरज वाटली तर पुढच्या वेळी डॉक्टरसमोर बसाल तेव्हा गुडघ्याचे, पित्ताचे सांगून झाल्यावर उठू नका. ‘आणखी एक सांगायचे आहे,’ एवढेच म्हणा. पुढचे काम आमचे.